खुणेचं जनुक

"आज उगवलं का गं?"

तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवायच्या आतच सासूबाईंनी विचारलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या बसल्या होत्या, पाठ न टेकवता, आत्ता आपला नंबर पुकारतील अशा बेतानं.

"नाही, आई. आज नाही."

"हं." त्यांनी क्षणभर फरशीकडे पाहिलं आणि लगेच मान वर केली. "येईल. पेरलं आणि उगवलं असं कुठं असतं? घाई केली म्हणून मूल काही पाचव्या महिन्यात होत नाही. तू करतेयस ना तुझ्या परीनं?"

"करतेय."

"मग झालं तर. जा, वाट बघतोय तो. मगाशी नर्सबाईंशी वाद घालत होता, तुमच्या गणवेशाचा खांदा उतरलाय म्हणून."

"एवढ्या तापात?"

"ताप उतरायच्या आधी त्याची जीभ उठते. लहानपणापासून तसंच."

आत मास्तर तीन उशांना टेकून बसला होता. नाकात ऑक्सिजनची नळी, अंगात इस्पितळाचा ढगळ सदरा. सदऱ्याचा जास्तीचा घेर त्यानं पाठीमागे चिमटीत धरून कुणाकडून तरी टाचून घेतला होता. तो कपडे बेतायचा. शिवणारे कारागीर दुकानात चार होते, पण कापडावर कातर चालवायची ती त्यानंच; म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, आणि लग्नानंतर थट्टेथट्टेत तीही म्हणू लागली.

"आई काय म्हणाली?"

"उगवलं का म्हणाल्या."

"आणि तू?"

"खरं तेच सांगितलं. नाही."

"बरंय हे," तो म्हणाला. दम लागला म्हणून जरा थांबला. "खोटं मी बोलायचं, आणि तू खरं बोलून ते सांभाळायचं."

खोटं बोलायची वेळ आली ती किडनीवरून. मास्तरच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा सासूबाईंनी आपली एक दिली. तपासण्यांमध्ये ती जुळली, आणि जन्मभर लाँड्रीत दुसऱ्यांच्या कपड्यांना इस्त्री केलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच सगळ्यांना सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. "आधी तो माझ्या पोटात होता," त्या सांगायच्या, "आता मी त्याच्या पोटात आहे."

पण दुसऱ्याची किडनी शरीर सहजासहजी आपली मानत नाही. ते तिच्यावर उलटू नये म्हणून त्याचा पहारा बोथट करणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्या ढिल्या पहाऱ्यातून एक बुरशी आत शिरली. साधीच बुरशी, ओल्या भिंतीवर असते, शिळ्या पावावर असते. तिचे कण प्रत्येक माणूस श्वासाबरोबर आत घेतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. मास्तरच्या फुप्फुसात ती रुजली. त्याच जातीची बुरशी त्याची बायको आपल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत होती, म्हणून पहिल्या दिवशी तिनं डॉक्टरांना घाबरत घाबरत विचारलं होतं, माझ्या कपड्यांतून तर आली नसेल? डॉक्टरांनी उत्तरादाखल नुसतं उघड्या खिडकीकडे बोट दाखवलं. ती सगळीकडेच असते. सगळीकडे असते आणि अशक्त माणसाला मारते, म्हणून तर तिच्यावर संशोधन चालतं.

आजाराचं नाव कळलं त्या दिवशी सासूबाई पलंगाशी उभ्या होत्या. त्यांचा हात कमरेच्या वर, शस्त्रक्रियेच्या व्रणावर होता.

"माझीच नासकी होती का रे?" त्यांनी विचारलं. "माझ्यातूनच आलं ना हे?"

"काहीतरीच काय!" मास्तर म्हणाला. "हवेतून आलंय. आणि तू घाबरतेस कशाला? हिच्याकडे त्याचंच औषध करतायत. प्लेटमध्ये उगवलं की आलंच."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आजवर त्या तिच्या नोकरीला "तिचं ते बाटल्यांचं काम" म्हणत. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे जसं पाहिलं तसं तिच्याकडे पूर्वी कुणीच पाहिलं नव्हतं, आणि ती गप्प राहिली.

दोघंच उरल्यावर मात्र ती चिडली. "औषध? मास्तर, मी एक जनुक शोधतेय. औषध नाही करत."

"मग समजावून सांग. पुढं निदान नीट तरी खोटं बोलेन."

तिनं सांगितलं. या बुरशीत जनुकं हजारो. त्यातल्या कशाच्या जोरावर ती माणसाच्या फुप्फुसात तग धरते हे कळायचं, तर एकेक जनुक बिघडवून पाहायचं. पण आपण केलेला बदल लाखो पेशींमधल्या दोनचारांतच शिरतो, आणि त्या दोनचार ओळखायच्या कशा? म्हणून बदलाबरोबर एक खूण पाठवायची. खूण म्हणजे असं जनुक, की ते ज्या पेशीला मिळेल तीच जगेल, बाकीच्या उपासमारीनं मरतील. ते खुणेचं जनुक आधी बुरशीतून वेगळं काढून हाताशी ठेवावं लागतं. तिचं काम एवढंच.

मास्तरनं डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे आमचा खडू."

"खडू?"

"कापडावर आधी खडूनं खूण करायची, मग कातर. सदरा शिवून झाला की खडू झटकून टाकायचा. खडू काही कुणी अंगात घालत नाही."

"हो. अगदी तसंच."

"आणि सदरा कधी?"

तिनं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"साधारण?"

"आपण म्हातारे होऊ तेव्हा. कदाचित."

"मग आईला खडूचं सांगू नकोस." तो हसत नव्हता. "तिला वाटतंय, तिनं मला मारलं. या गोळ्या तिच्या किडनीसाठी होत्या, त्यांच्यामुळे बुरशीला वाट मिळाली, हे तिला कळलं तर ती पुन्हा घास गिळणार नाही. डॉक्टरांनाही मी सांगून ठेवलंय. कुणीतरी काहीतरी करतंय, एवढं तिच्याकडे राहू दे. आणि मी नसताना..."

"गप्प बस."

"मी नसताना तर मुळीच सांगू नकोस."

तिनं मान हलवली. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. तिचं मनगट धरून त्यानं तिच्याकडून ते तोंडानं वदवून घेतलं.

काम कंटाळवाणं होतं. बुरशीच्या डीएनएचे तुकडे करून ते एका जिवाणूत घालायचे. हा जिवाणू मुद्दाम अधू निवडलेला. जगायला लागणारा एक पदार्थ त्याला स्वतःला बनवता येत नाही, तो आयता खायला घालावा लागतो. मग असे लाखो जिवाणू त्या पदार्थाशिवायच्या प्लेटवर पसरायचे. ज्याला बुरशीकडून नेमकं ते जनुक मिळालं असेल तो आपलं अन्न आपण बनवेल, वाढेल, डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका होईल. ठिपक्यातून जनुक काढून घ्यायचं. महिनोन्‌महिने तिच्या प्लेटा सकाळी कोऱ्या निघत होत्या.

एकदाच नव्हत्या निघाल्या. मास्तरला दाखल केल्यानंतरच्या दिवसांत एका सकाळी तिनं इन्क्युबेटर उघडला, तर प्लेट ठिपक्यांनी भरलेली. तिनं तिथूनच फोन केला आणि फोन सासूबाईंनी उचलला. संध्याकाळी ती पोचली तोवर नर्सबाईंना, झाडूवाल्या मावशींना, शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना, सगळ्यांना बातमी कळली होती. सासूबाई मधल्या वेळात घरी जाऊन आल्या होत्या. मास्तरचा निळा सदरा त्यांनी कडक इस्त्री करून आणला होता, घरी जायच्या दिवसासाठी. पलंगामागच्या भिंतीतल्या खिळ्याला तो हँगरवर झुलत होता.

दुसऱ्या दिवशी ते ठिपके वाढायचे थांबले. तिच्या टेबलाशेजारी काम करणाऱ्या पोरानं, ज्याला सगळे चष्मिष म्हणत, प्लेट उजेडाला धरली आणि खेदानं मान हलवली.

"ताई, हे कमावते नाहीत. घरून डबा आणलाय लेकांनी."

खरं होतं ते. प्लेटवर पसरायच्या आधी जिवाणू नीट धुवावे लागतात. नाहीतर आधीच्या बाटलीतलं आयतं अन्न अंगाला चिकटून येतं, आणि ते संपेपर्यंत सगळेच जगल्यासारखे दिसतात. वॉर्डात रात्र काढून ती तशीच कामावर आली होती. एकदाच धुतले आणि झालं म्हणाली. त्या संध्याकाळी सासूबाईंनी सदरा हँगरवरून उतरवला, बाह्या मागे दुमडून घडी घातली आणि पिशवीत ठेवला. त्या एवढंच म्हणाल्या, "घडी मोडली तर पुन्हा करता येते इस्त्री. त्यात काय."

त्यानंतर उगवलं हा शब्द तिनं फार जपून वापरला.

खरोखर उगवलं तेव्हा ते दिसायला काहीच नव्हतं. मोठ्या कोऱ्या प्लेटवर कडेला दोन ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यातला डीएनए काढला, नवीन, स्वच्छ धुतलेल्या अधू जिवाणूंत घातला आणि पुन्हा वाट पाहिली. या वेळी प्लेट गच्च भरली. दुसऱ्या दिवशीही वाढत राहिली. तिसऱ्या दिवशी चष्मिषनं ती पाहिली आणि असा ओरडला की प्रयोगशाळेचे प्रमुख, मोठे सर, हातातला कप घेऊनच खोलीतून बाहेर आले.

"कमावते! सर, सगळेच्या सगळे कमावते!"

सरांनी प्लेट खालून पाहिली, वरून पाहिली आणि कप चष्मिषच्या हातात देऊन तिच्याशी हात मिळवला. इतकी वर्षं ते तिला नुसते "हं, बघू" म्हणत आले होते. ती हसली. सगळे हसत होते, आणि थोडा वेळ तिच्या डोक्यात प्लेटशिवाय काहीच नव्हतं.

बसमध्ये बसल्यावर बाकीचं आठवलं. आता सासूबाईंना काय सांगायचं? उगवलं म्हटलं की त्या विचारणार, मग द्या ना त्याला. त्यात त्यांचं काय चुकणार होतं?

इस्पितळाच्या जिन्यात डॉक्टर भेटले. ते तिला बाजूला घेऊन बोलले. शेवटच्या औषधालाही बुरशी जुमानत नव्हती. किडनी मात्र अजून चांगली चालत होती, ते म्हणाले, नवल वाटावं इतकी चांगली. "आता त्रास कमी कसा होईल तेवढं बघू या."

वर बाकावर सासूबाई होत्या.

"आज उगवलं का गं?"

"नाही, आई."

"उद्या मग," त्या म्हणाल्या आणि तिला बसायला जागा करून दिली.

मास्तर आता आडवाच असायचा. ती आत आली तेव्हा त्यानं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"उगवलं," तो म्हणाला.

"कसं ओळखलंस?"

"दारातून ऐकलं. रोज आईला नाही म्हणतेस तेव्हा तुझा आवाज कोरडा असतो. आज मऊ होता." त्यानं हात पुढे केला. "दाखव."

तिनं फोनवरचं छायाचित्र त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. काचेच्या गोल प्लेटवर पांढरे ठिपके.

"एवढंसं?"

"एवढंसंच."

"देखणं आहे गं," तो म्हणाला. मग, "सरांनी काय दिलं?"

"हात."

"चला. वर्षानुवर्षांच्या मानानं बरं आहे."

ती हसली, आणि मग तिला थांबता येईना. तिनं तोंड त्याच्या चादरीत खुपसलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. तो तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिला. कातर धरून धरून अंगठ्याला पडलेला घट्टा तिच्या कपाळाला लागत होता.

"आता पुढं काय करायचं असतं?" त्यानं विचारलं. ती सांगू लागली. आता त्या तुकड्याचा क्रम वाचायचा, मग तो बुरशीतच परत घालून बघायचा. ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला, तरी ती सांगत राहिली.

त्याच आठवड्यात मास्तर गेला.

पुढच्या रविवारी मोठे सर आणि चष्मिष भेटायला आले. सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्यांना मृत्यूबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून ते ज्याबद्दल बोलता येतं त्याबद्दल बोलले.

"अशा वेळी बोलू नये खरं तर," ते सासूबाईंना म्हणाले, "पण तुम्हाला अभिमान वाटावा असं काम केलंय हिनं. जे इतकी वर्षं आमच्या हाती लागत नव्हतं ते हिनं मिळवलं. आणि तेही घरात हे सगळं चालू असताना."

सासूबाई पाण्याचे रिकामे पेले उचलत होत्या. त्या थांबल्या. "उगवलं होतं?"

"हो तर!" चष्मिष म्हणाला. "आजी, अहो प्लेटमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पेले घेऊन आत गेल्या.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली. सासूबाई नळाखाली पेले विसळत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कधी उगवलं?"

"तो होता तेव्हा."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस."

"हो."

"का?"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. ते औषध नव्हतंच, आई. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो तसं म्हणाला.

"औषध नव्हतंच ना ते?" सासूबाईंनी नळ बंद केला. "उगवलं आणि तू गप्प बसलीस, म्हणजे नव्हतंच. मला वेडीला सांगत होतात दोघं." त्या वळल्या. "मग गेला कशानं तो? तू शिकलेली आहेस ना, मग सांग. हवा सगळेच घेतात. मी घेते, तू घेतेस. त्यालाच का? काय वेगळं होतं त्याच्यात, सांग ना!"

त्यांचा ओला हात कमरेच्या वर गेला होता आणि तिथं कपड्यावर पाण्याचा डाग पसरत होता.

"औषधच होतं," ती म्हणाली.

सासूबाई पाहत राहिल्या.

"औषधच होतं, आई. मला उशीर झाला. नुसतं उगवून भागत नाही. ते वेगळं काढायचं, तपासायचं, त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस राहिले नव्हते, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही." ती थांबली. आणखी काहीतरी द्यायला हवं होतं, धरता येईल असं. "मागे एकदा खोटं उगवलं होतं, आठवतं? तेव्हा चूक माझी होती. मी नीट धुतलं नव्हतं. तिथंच वेळ गेला. नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर कदाचित मिळालं असतं त्याला."

नळाच्या तोंडाशी थेंब जमत होता. सासूबाईंचा हात हळूहळू कमरेवरून खाली आला.

"धुतलं नव्हतंस," त्या म्हणाल्या.

"नाही."

त्या बाहेर निघून गेल्या.

मग बोलणं बंद झालं. बोलत तेव्हा टोचून बोलत. तिनं भांडी घासली की त्या एखादं उजेडाला धरत आणि विचारत, "नीट धुतलंस ना? का तसंच?" शेजारीण आली की त्यांचा आवाज मुद्दाम चढे. पलीकडच्या खोलीत मास्तरच्या कपड्यांच्या घड्या घालताना तिला सगळं ऐकू येई.

"माझी किडनी शेवटपर्यंत चालली हो. डॉक्टर स्वतः म्हणाले. हिलासुद्धा तेच सांगितलं त्यांनी. माझ्याकडून काही कमी पडलं नाही. हिचंच काम लांबलं."

"अगंबाई! सुनेचं?"

"मग काय तर."

तो आवाज ताठ होता. सासूबाई दोन वेळा जेवत होत्या. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीतला दिवा जळायचा, तो आता वेळेवर मालवत होता. तिला हवं होतं ते हेच होतं. तरी कधी कधी घडी घालता घालता तिचे हात थांबत. वाटे, मास्तर असता तर त्याला सांगितलं असतं, बघ, तुझ्यापेक्षा बरं खोटं जमलं मला. आणि तो म्हणाला असता... पण तो काय म्हणाला असता हे तिला नीट ऐकू यायचं नाही, आणि तेच सहन व्हायचं नाही.

एका सकाळी तिची कामाची पिशवी दाराशी ठेवलेली होती. शेजारी डबा.

"किती दिवस घरात बसणार आहेस?" सासूबाईंनी विचारलं.

"जाईन, आई."

"जाईन नव्हे. जा. तुझं ते उगवलेलं कुठंय?"

"फ्रीझरमध्ये."

"फ्रीझरमध्ये काय बाळसं धरणार आहे ते?" त्यांनी डबा पिशवीत कोंबला, झाकण घट्ट आहे का ते पुन्हा पाहिलं. बराच वेळ त्या पिशवीची चेन लावत राहिल्या. "त्याच्या कामाला नाही आलं. नाही तर नाही. पण त्या बाकावर आता दुसरी कुणीतरी बसली असेल. तिचाही असेल कुणी आत. तिला रोज नाही, नाही करत बसू नकोस."

बुरशीवरचं औषध म्हणजे अजून किती खुणा, किती सर, किती चष्मिष आणि किती बाक, याचा हिशेब तिला ठाऊक होता.

"बघतेस काय? बस चुकेल."

"येते, आई."

"ये. आणि खाऊन घे वेळेवर. तुझं तोंड बघवत नाही."

प्रयोगशाळेत कुणी फार बोललं नाही. चष्मिषनं तिच्यासाठी फ्रीझरमधून जनुकाची ती छोटी नळी काढून बर्फात ठेवली आणि तो आपल्या जागी गेला. तिनं कोट चढवला, हातमोजे घातले आणि काचेच्या पेटीसमोर बसली. जिवंत बुरशीशी काम करायचं ते याच पेटीत. पंखा हवा आत ओढून घेतो आणि बुरशीचा कण बाहेर सुटत नाही. एकदा हात आत गेले की काम संपेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत आणि हातमोजा चेहऱ्याला लावायचा नाही.

तिनं बुरशीची बाटली उघडली. आत हिरवट राखेसारखा मऊ थर होता. तेव्हा कुठं तिचे डोळे भरून आले, आणि पुसायला हात नव्हते. दोन्ही हात कोपरापर्यंत आत ठेवून ती बसून राहिली. पंखा घुमत होता. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं, थोडं कोटाच्या गळ्यावर पडलं, उरलेलं हळूहळू आपोआप वाळलं. कातडी ताठरली. मग तिनं बर्फातली नळी उचलली, उजेडात एकदा पाहिली आणि झाकण उघडलं.